विमलच्या हाडांना मी लावलेली खळ

विमलच्या हाडांना मी एकदा खळ लावली होती... तिच्या स्वतःच्या नव्हे, तिने बनवलेल्या. गेल्या महिन्यात तिच्या लेकीचा फोन आला, "मावशी, आई गेली," आणि रडू यायच्या आधी मला माझा तो गाढवपणाच आठवला.

आम्ही दोघी गांधीबागेमागच्या एकाच गल्लीतल्या, कोष्ट्यांच्या पोरी. मी लग्नानंतरही मागावरच राहिले, ती शिकून कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागली. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत तिला एकच नाद होता. अपघातात हाडाचा तुकडाच उडाला, तर ती जागा भरायची कशाने? हाडातल्या चुन्यासारखी पूड, औषधाने पक्का केलेला सरस आणि मिठाचे खडे मिसळून ती वड्या पाडायची. मीठ पाण्यात विरघळलं की वडीभर बारीक छिद्रं! उन्हाळ्यात कॉलेजच्या नळाला पाणी नसे, म्हणून एका रविवारी वड्यांचं पातेलं माझ्या घरी आलं. "पाणी बदलत राह्य वं. उद्या मेडिकल कॉलेजचे डॉक्टर सशाच्या हाडात बसवून पाहणार हायेत. मोठ्या मुश्किलीनं हो म्हटलं त्यायनं."

ती गेली, आणि मी वड्या पाहिल्या. बाई गं, चाळणी नुसती! विणकराच्या घरात भोक म्हणजे माल परत. उद्या डॉक्टर हिला हसणार, या काळजीने माझा जीव कळवळला. सुतासाठी तांदळाची खळ शिजवलेलीच होती. एकेका छिद्रात बोटाने दाबून भरली, गच्चीवर वाळवली. संगमरवर झाला अगदी! मग शाबासकीची वाट पाहत बसले, शहाणी.

संध्याकाळी विमल आली. तिने एक वडी उजेडात धरली आणि खालीच बसली.

"हे काय केलं वं?"

"मजबूत केलं."

"सुताची लड हाय का ही?"

एरवी कचाकचा भांडणारी बाई वड्या पातेल्यात गोळा करून चालू लागली. त्याचीच मला भीती वाटली. दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरांकडे रिकाम्या हाताने गेली. ते कुरकुरले, पण आठवडा दिला. पुढच्या वड्यांचं पाणी मी देवाच्या अभिषेकासारखं बदललं. पाण्याखेरीज कशालाही बोट लावलं नाही.

काही महिन्यांनी तिने मला कॉलेजात नेऊन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला लावला. वडी बसवलेल्या सशाच्या हाडाची पातळ चकती होती. छिद्राछिद्रांतून काहीतरी गुलाबी आत शिरलेलं... मी डोळा काढीचना.

"हे कोणं भरलं वं?"

मागून विमल म्हणाली, "सशानं. आपण फक्त उभा ताणा द्याचा, सुशे. आडवा बाणा ज्याचं हाड, त्यानं टाकाचा."