खताच्या चहाचं पिंप

तिला सगळे टाकीवाली म्हणायचे. दवाखाने, बँका, हॉटेलं, जिथे म्हणून शोभेचे मासे पाळलेले असत तिथल्या काचेच्या टाक्या धुण्यात तिची बावीस वर्षं गेली होती. हात कायम पाण्यात, त्यामुळे बोटं अकाली सुरकुतलेली. कामापलीकडे तिचं कुठे जाणं-येणं नव्हतं. म्हणून थोरल्या बहिणीने आपल्या कॉलनीच्या सामुदायिक बागेत तिला एक वाफा मिळवून दिला. "माझ्या शब्दावर घेतलंय तुला," ताई म्हणाली, आणि पुढे दर रविवारी म्हणत राहिली.

बागेचा कारभार एका निवृत्त इंजिनिअरच्या हातात होता. कंपोस्ट पाण्यात भिजवून त्यात दिवसभर हवा सोडली की जे पाणी तयार होतं, त्याला बागेतले लोक खताचा चहा म्हणत. तो करण्यासाठी यंत्र घ्यायचं ठरलं, तेव्हा इंजिनिअरने सभेत एक रंगीत पुस्तिका फिरवली. झाकणबंद, चकचकीत यंत्र, आत नळ्यांचं जाळं.

"साहेब, या नळ्यांत हात जायचा नाही," टाकीवाली म्हणाली. "आत बुळबुळीत थर धरला की घासणार कसा? साधं पिंप बरं."

कुणीतरी फिसकन हसलं. इंजिनिअरने चष्म्यावरून पाहिलं. "करून दाखवा मग."

तिने करून दाखवलं. निळं पिंप, माशांच्या टाकीचा जुना पंप, तळाशी बुडबुडे सोडणारे दोन दगड. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडून जावं म्हणून आधी नुसत्या पाण्यात तासन् तास हवा. मग कापडी पिशवीत कंपोस्ट आणि वाटीभर उसाची मळी. दुसऱ्या दिवशी पिंपाला ओल्या मातीचा वास यायचा. दोन महिन्यांत वाफे असे तरारले, की लोक इंजिनिअरला वळसा घालून तिच्याकडे येऊ लागले.

"तुमची बहीण भलतीच हुशार निघाली," कुणी ताईला म्हणायचं. ताई हसायची, पण जरा उशिराने.

एका शनिवारी सकाळी टाकीवाली आली तर पंप गप्प होता आणि पिंपाला सडक्या अंड्यांची घाण सुटली होती. पंपाचा प्लग खाली लोंबत होता. बोर्डात ताईचा चार्जर होता.

"काल दुपारी मोबाईल उतरला होता," ताई रोपांवरून नजर न हलवता म्हणाली. "परत लावायचं राहिलं. एवढं काय त्यात?"

तेवढ्यात कळलं, की इंजिनिअरने, वास असाच असतो असं समजून, पहाटेच दोन बादल्या भरून नव्या रोपांवर शिंपडल्या होत्या. तीन दिवसांत सगळी रोपं मान टाकून आडवी झाली.

पिंपातलं उरलेलं पाणी इंजिनिअरने पुरावा म्हणून तसंच ठेवायला लावलं आणि सभा बागेतच भरवली.

"पंपाचा प्लग काढलेला होता," टाकीवाली म्हणाली. "ताईने काढला होता."

सगळ्यांनी ताईकडे पाहिलं. ताईने सुस्कारा टाकला. "लहानपणापासून अशीच आहे ही. काही बिघडलं की माझं नाव."

लोक हसले. त्या हसण्यात सभा संपल्यातच जमा होती.

"उरलेलं तुमच्याच वाफ्यात ओता," इंजिनिअर म्हणाला. "दुसरीकडे नको."

तिने ओतलं. सात बादल्या, सगळ्यांच्या देखत. घेवड्याला नुकती फुलं धरली होती. एक बाई नाकाला रुमाल लावून उभी होती. ताई बाकावर बसून कुणाशी तरी पाहुण्यांबद्दल बोलत होती. सभासदांच्या यादीतून टाकीवालीचं नाव काढायला मत घेतलं, तेव्हा हात वर करणाऱ्यांत ताईचा हात पहिला होता.

चकचकीत यंत्र आलं. चार महिन्यांत नळ्या आतून शेवाळल्यासारख्या झाल्या आणि बाग वासाने भरली. मग ताईचा फोन आला.

"ये शनिवारी. तुला जमतं तेवढंच काम आहे. मागच्या फाटकाने ये, पुढची किल्ली सभासदांनाच असते."

ती गेली. का गेली, ते तिलाही सांगता आलं नसतं. दुसरं कुणी तिला बोलवत नव्हतं, एवढं मात्र खरं. मग दर शनिवारी लांब तारेला ब्रश बांधून ती एकेक नळी घासायची आणि तासाभराने मान वर करायची.

एकदा नव्याने आलेल्या एका सभासद बाईने विचारलं, "ह्या कोण?"

"टाक्या धुते," ताई म्हणाली. "कामाला चांगली आहे. तुमच्याकडे काही असेल तर सांगा, पाठवते."