आधी तुझ्या लेकीचा हात

मनगटावर रक्त दिसलं तेव्हा बेबीनंदाला वाटलं, बांगडी फुटून आपल्यालाच लागलं. तिनं पदरानं पुसलं. खाली कातडी धड होती. मग तिची नजर समोरच्या हाताकडे गेली. नूरबीच्या उजव्या करंगळीत काचेचा तुकडा चांगला खोल रुतला होता, आणि नूरबी मात्र, "तुझ्या भावजयीनं संक्रांतीला लालच घेतल्या बघ, हिरव्या नको म्हणे," असं सांगत पुढची बांगडी चढवून राहिली होती.

"चाची, काच घुसलीय तुला."

"कुठं?" नूरबीनं बोट डोळ्यांजवळ धरलं, काच उपटली आणि हसली. "चाळीस साल झाले बांगड्या भरून. हाताचं चामडं झालं, माय."

बेबीनंदाला हसू आलं नाही. बारा वर्षं ती या गावची आशा कार्यकर्ती होती. घनसावंगीहून जीपनं वीस मिनिटांवरचं गाव, दोनशे घरं, आणि त्या प्रत्येक घराचा उंबरा तिच्या पायांना पाठ. गरोदर बायांच्या याद्या, डोस, सर्वे, मोबाईलवर फोटो, परत सर्वे. "कालच तर आल्तीस, आज पुन्यांदा काय?" हे ऐकून ऐकून तिचे कान थकले होते. मागच्याच आठवड्यात ती कुष्ठरोगाच्या सर्वेला निघाली होती. नूरबीनं दारातूनच परत लावलं होतं, "आमच्यात कुणाला काही न्हाई, जा." चैत्राच्या उन्हात नूरबी मनगटापर्यंत बाह्या घालत होती, तेही आता बेबीनंदाच्या ध्यानात आलं.

"बाही वर कर, चाची."

"तू बांगड्या भरायला आलीस का पंचाईत करायला?"

पण ओट्यावर दुसरं कुणी नव्हतं. नूरबीनं थोडा वेळ रस्त्याकडे पाहिलं आणि बाही कोपरापर्यंत सारली. तिथं तळहाताएवढा फिकट, लालसर चट्टा होता. बेबीनंदानं पेनाचं टोक त्यावर टेकवलं. नूरबीला काही कळलं नाही.

"कधीपासून?"

"दोन साल झाले आसतील. आधी वाटलं, वाताचं आहे. तेल लावलं. मंग एका दर्ग्यावर जाऊन आले. मंग म्हटलं, दुखत तर न्हाई, राहू दे."

"दुखत न्हाई तोच तर रोग आहे, चाची. गोळ्या फुकट मिळतात. सहा महिने, जास्तीत जास्त सालभर. न्हाई घेतल्या तर बोटं वाकतील. वाकल्या बोटानं बांगडी कशी भरशील?"

"आणि घेतल्या तर?" नूरबीनं बाही खाली ओढली. "गोळ्यानं अंग काळं पडतं, मला म्हाईत आहे. मामूला झाल्ता. बाया इचारतील. एकीला कळलं की पाणवठ्यापर्यंत जाईल. मंग माझ्या हातात हात कोण देईल? बोटं सरळ राहतील, पण त्या बोटांत द्यायला हात तर पाहिजे ना."

बेबीनंदानं पाठ झालेलं सगळं सांगितलं. हात लावल्यानं पसरत नाही, उपचार सुरू झाला की जंतूंचा जोर जातो, तुझं नाव मी कुठं घेणार नाही. ती सांगत राहिली आणि नूरबी बांगड्यांचे जोड दोऱ्यात ओवत राहिली.

"झालं का?" शेवटी नूरबीनं विचारलं. "आता माझं ऐक. पुढल्या महिन्यात गंधालीचं डोहाळजेवण. तिचा चुडा मी भरणार. तुझ्या लग्नाचा मीच भरल्ता, तिच्या लग्नाचाही मीच. आधी तुझ्या लेकीचा हात दे माझ्या हातात. मंग म्हण, पसरत न्हाई म्हणून. मी खाईन तुझ्या गोळ्या."

"दिला," बेबीनंदा म्हणाली. एका दमात म्हणाली.

दोघी वेगवेगळ्या जीपनं घनसावंगीला गेल्या, नाहीतर गावानं दहा प्रश्न विचारले असते. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कोपराजवळची शीर चाचपली, हातावर कापूस फिरवला आणि वर्षभराच्या गोळ्या लिहून दिल्या. महिन्याचा मोठा डोस आशाताईंच्या समोर घ्यायचा, बाकीच्या रोज घरी. पहिला डोस नूरबीनं तिथंच गिळला, पदरानं तोंड पुसलं आणि मस्तगडच्या बाजारातून बांगड्यांचा माल आणायचाय म्हणून जालन्याच्या गाडीत बसली.

खरा ताप त्यानंतर सुरू झाला, आणि तो नूरबीला नाही, बेबीनंदाला.

गंधाली तिची एकुलती एक लेक. दोनदा पोट रिकामं होऊन आता सातवा महिना टिकला होता. बेबीनंदा भाकरी थापताना मनात म्हणायची, हात लावल्यानं होत नाही. मग तव्यावरची भाकरी उलटायची विसरायची. तिनं दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना विचारलं, एक पेशंट विचारतेय असं सांगून. "बिलकुल नाही हो ताई, तुम्हीच असं विचारायला लागलात तर कसं?" तेवढं ऐकून तिला बरं वाटलं. ते बरं वाटणं दवाखान्यातून जीपच्या थांब्यापर्यंत टिकलं. दोनशे घरांत तिनं हे सांगितलं होतं, आणि खरं मानून सांगितलं होतं. पण ती दोनशे घरं दुसऱ्यांची होती. तिच्या आईनं लहानपणी देवळाबाहेर बसलेल्या, बोटं झडलेल्या एका म्हाताऱ्याला लांबून पैसा फेकायला शिकवलं होतं. प्रशिक्षणं बारा झाली, पण तो फेकायला वर झालेला हात काही तिच्या अंगातून गेला नव्हता.

डोहाळजेवणाच्या चार दिवस आधी ती नूरबीकडे गेली. "चाची, गंधालीच्या सासूनं, पुष्पाबाईनं त्यांच्याकडची बांगडीवाली ठरवली. व्याह्यांपुढं मी काय बोलू?"

"बराबर आहे," नूरबी म्हणाली. "सासरचा मान."

बांगडीवाली बेबीनंदानंच वडीगोद्रीहून बोलावली होती. पुष्पाबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. उलट डोहाळजेवणाच्या दिवशी त्या म्हणाल्या, "तुमच्या गावची ती चाची का न्हाई आली? तिचा हात लय हलका म्हणतात."

"बरं न्हाई तिला," बेबीनंदा म्हणाली आणि पुरणपोळ्यांकडे वळली.

एक गोष्ट ती विसरली. या भागातल्या सगळ्या बांगडीवाल्या मस्तगडाजवळच्या एकाच ठोक दुकानातून माल घेतात, आणि मालाच्या गठ्ठ्यांवर बसून गावोगावच्या खबरा सांगतात. त्या आठवड्यात वडीगोद्रीवालीनं नूरबीला हौसेनं सांगितलं, "तुमच्या आशाबाईचा फोन आल्ता मला. लेकीचा चुडा भरून आले. चांगली साडी दिली."

पुढच्या महिन्याच्या डोसाला नूरबी आली नाही. बेबीनंदा दोनदा तिच्या घरी गेली, तर सून नसरीननं दारातूनच सांगितलं, "अम्मी गाँव कू गई." तिसऱ्यांदा ती भर दुपारी गेली. नूरबी घरातच होती, बांगड्यांची पेटी झाकून भिंतीला टेकून बसलेली. चेहरा चांगलाच काळवंडला होता. गोळ्यांचं पाकीट फडताळात होतं, अर्धं भरलेलं.

"ये. आज काय सांगणार हाईस? पसरत न्हाई?"

बेबीनंदा खाली बसली. तिच्या पिशवीत नूरबीचं नवं पाकीट होतं. वाटेत तिनं व्याह्यांची एक नवी गोष्ट जुळवली होती, पण ती सांगायचाही कंटाळा आला.

"मी भ्याले, चाची."

नूरबीनं पेटी बाजूला सारली.

"मला सगळं म्हाईत आहे. तरी भ्याले. पोरीची दोन गेली ना आधी. पुष्पाबाईचं नाव मी खोटं घेतलं."

"ते कळलं मला." नूरबीनं पाय लांब केले. "तू शिकलेली. कागदावर सही करती, डागदरशी बोलती. तू भ्यालीस. आणि मी भ्याले तर तू म्हणत होतीस, चाची अडाणीपणा करू नको."

"म्हणाले."

"मंग आता कळलं का, गोळी गळ्याखाली का उतरत न्हाई ते?"

बेबीनंदानं मान हलवली. मग तिनं आपला हात पुढं केला. "भर आज मला. चार भर."

"ठेव तो हात. आज तू मला गोळी चारायला बांगड्या भरून घेशील. मी काय लेकरू हाय का, खेळणं दावून औषध पाजायला?" नूरबीनं आपल्या करंगळीकडं बघितलं. ती थोडी आत वळायला लागली होती. अंगठ्यानं दाबून तिनं ती सरळ केली, सोडली, आणि ती परत वळली. "दे ते पाकीट. तुझ्यासाठी न्हाई खात मी. या बोटासाठी खाते. पाणी आण, माठ तिथं आहे."

गोळ्या गिळून झाल्यावर ती म्हणाली, "लेकीचं तू ठरव. आत्ता सांगू नको. आत्ता जे सांगशील ते खोटं असंल."

गंधालीला मुलगी झाली. बारशाच्या सकाळी बेबीनंदा स्वतः नूरबीला बोलवायला गेली. बायांनी घर भरलं होतं. पुष्पाबाई नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. नूरबी आली, पेटी उघडली. गंधाली पुढं सरकली, अंगठा आत दुमडून हात दिला आणि म्हणाली, "चाची, मागच्या वेळी त्या वडीगोद्रीवालीनं लय दाबलं गं."

"तिला घाई असती. सैल सोड हात, माय."

नूरबीच्या काळ्या पडलेल्या बोटांत गंधालीचा बाळंतपणानं पांढुरका पडलेला हात होता. बेबीनंदाला भीती वाटली, अगदी तशीच, पहिल्यासारखी. तिला वाटलं होतं, चौथं पाकीट चालू आहे, आता वाटणार नाही. पण वाटत होतं. ती जागची हलली नाही. पोरीला उठवायला "जरा ये इकडं" एवढं म्हटलं तरी पुरलं असतं. ते तिनं जिभेवर धरून ठेवलं.

हिरवी बांगडी मनगटावर उतरली, मग दुसरी.

"बेबी," नूरबी वर न बघता म्हणाली, "तू कशाला मूठ आवळून बसलीस? तुला कोण भरून राह्यलं?"

बाया हसल्या. बेबीनंदानं पाहिलं, तिची मूठ खरंच घट्ट मिटलेली होती. तिनं ती उघडली. गंधालीनं दोन्ही हात भरून झाल्यावर रिवाजाप्रमाणे वाकून नूरबीला नमस्कार केला, आणि पुष्पाबाई नातीला सुनेकडे देत पुढं सरकल्या. "चाची, आता माझ्याही भरा. लाल असतील तर."

"हायेत की," नूरबी म्हणाली आणि दोरा सोडायला लागली. करंगळी अजून आत वळलेलीच होती.