दर्याच्या माथी

महादूला दर्याने नेलं नाही. हे मी आजवर कुणाला, अगदी बायकोलाही, सांगितलेलं नाही.

काल बंदराच्या कचेरीत कसर लागलेल्या जुन्या खलाशी-नोंदवह्या ओट्यावर उन्हात टाकल्या होत्या. वारा पानांना थोबाडत होता. होडीचं नाव, ती हाकणाऱ्या तांडेलाचं नाव, मग खलाशी, आणि शेवटी शेरा. महादूची बायको पारू माझ्याशेजारी येऊन वाकली.

“तांडेल, यांचं नाव दाखवा हो.”

मी बोट ठेवलं. शेरा मीच सांगितलेला: लाटेने ओढून नेला.

“अक्षरसुद्धा पुसत आलं,” ती म्हणाली. “मेल्या दर्याचा हावरेपणा बघा, नावही सोडवत नाही त्याला.”

महादू गेला त्या तुफानात माझ्या होडीचं जाळं खडकात अडकलं आणि होडी कलंडू लागली. महादूने मला न विचारता कोयत्याने दोर तोडला. होडी वाचली, नवंकोरं जाळं गेलं. मी वल्हं उचललं आणि त्याच्या कानशिलावर हाणलं. लाटांच्या गर्जनेतही हाड फुटल्याचा आवाज आला. तो पाण्यात गेला. बाकीचे खाली वाकून पाणी उपसत होते. कुणी पाहिलं नाही. त्याने वाचवलेल्या होडीतून मी घरी आलो.

वहीत पानापानावर तोच शेरा दिसत होता. समुद्र उलटून बोलत नाही, म्हणून सगळं त्याच्या माथी. यातल्या किती लाटांना हात होते, कोण जाणे.

पान उडू नये म्हणून पारूने नावावर तळहात दाबून धरला.

तिला खरं सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.