एक निबंध, सहा कॉलेजं

त्या इमारतीत त्याला सगळे चावीवाले म्हणत. पंप, जिने, दिवे, गळके नळ आणि भाडेकरूंची भांडणं, सगळं त्याच्याच गळ्यात. वरच्या मजल्यावरून हुकूम सोडायला माणसं होती, जिना उतरायला एकटा हाच. वर्षानुवर्षं हेच करून तो इतका दमला होता की दमलोय हे सांगायचाही त्याला कंटाळा यायचा.

त्यात लेक बारावीला. पोरगी हुशार, कोणाची नजर लागावी अशी. सहा कॉलेजांत अर्ज करायचे होते आणि सहाही कॉलेजांना निबंध हवा होता. ज्या माणसांत वाढलात त्यांच्याविषयी लिहा, त्यांच्यासाठी काय केलंत ते सांगा. लेक त्याला कम्युनिटीचा निबंध म्हणायची.

लिहिण्यासारखी गोष्ट घरातच होती. मागच्या वर्षी लिफ्ट बंद पडली ती महिनोन्‌महिने सुरूच झाली नाही. चौथ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिकाबाई राहायच्या. त्यांना उपचारांसाठी आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जावं लागे आणि गुडघे तर कधीच संपावर गेलेले. पहिल्यांदा सगळे धावले. नव्याचे नऊ दिवस. मग एकेकाची कंबर दुखायला लागली, एकेकाला ऑफिसला उशीर व्हायला लागला. शेवटी उरले दोघंच: चावीवाले आणि तळमजल्यावरचा न्हावी. बाईंना खुर्चीत बसवायचं, एकाने पुढून धरायचं, एकाने मागून, आणि उतरायचं. लेक पुढे पळून दारं उघडी धरायची. पुढे बाई आपल्या मुलाकडे राहायला गेल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात लिफ्ट दुरुस्त झाली.

लेकीने हेच लिहिलं आणि संध्याकाळी भाजी निवडत बसलेल्या बापाला वाचून दाखवलं. त्याला बरं वाटलं. आपण वाकून चालतो हे पोरीच्या लक्षात आलंय, एवढंच त्याला नवीन होतं.

पण सहा निबंध लिहायला वेळ कोणाला आहे? तिने तोच निबंध थोडा थोडा बदलून सगळीकडे चालवायचं ठरवलं. एका कॉलेजला नेतृत्व हवं होतं, म्हणून दुसऱ्या निबंधात खुर्चीची कल्पना तिची झाली. तिसऱ्यात कोणी कधी यायचं ते तीच ठरवू लागली. चौथ्यात न्हावी गळाला. पाचव्यात बाप दार धरून उभा होता आणि खुर्चीला हात लेकीचा.

"अगं, मला निदान जिन्यात तरी ठेव," तो म्हणाला.

"शब्द कमी करायला सांगितलेत, बाबा."

"मग काय, आधी घरचीच माणसं काढायची."

ती हसली, तोही हसला. मनात मात्र त्याला थोडं लागलं. पण पोरगी पुढे जात असेल तर राईचा पर्वत होऊ दे, आपलं काय जातंय, असं म्हणून त्याने भाजी उचलली. अर्जात निबंधातल्या एका माणसाचा फोन नंबर द्यायचा होता. बाईंचा नंबर बदललेला, न्हाव्याला फोनवर बोलायचं म्हटलं की घाम फुटे. म्हणून सगळीकडे बापाचाच दिला. फोन कोणी करत नसतं, असं शाळेत सांगितलं होतं.

फोन आला तेव्हा तो पंपाच्या खोलीत गुडघाभर पाण्यात होता. पलीकडून एका बाईंनी कॉलेजचं नाव सांगितलं. त्याला सहाही नावं सारखीच वाटत.

"तुम्ही तिचे वडील ना? फार वेळ घेत नाही. ती खुर्ची नक्की कोण उचलायचं?"

यांच्याकडे कितवा निबंध गेलाय? लेक शाळेत, विचारायचं कोणाला? कमी सांगावं तर पोरगी खोटी पडणार. त्यापेक्षा जास्तच सांगावं, असं त्याने ठरवलं.

"पोरगीच," तो म्हणाला. "सगळं तिचंच. आम्ही आपले सांगितलेलं करायचो."

"असं?" बाई म्हणाल्या. "बरं. आभारी आहे."

संध्याकाळी लेक आली तेव्हा त्याने मोठ्या ऐटीत सगळं सांगितलं. तिने दप्तर काढलंच नाही. तशीच उभी राहून तिने कॉलेजचं नाव विचारलं. त्याने आठवून आठवून सांगितलं.

"बाबा, त्यांना मी पहिला पाठवला होता. खरा."

"खरा? का?"

"बाकीचे लिहिता लिहिता माझी मलाच लाज वाटायला लागली. आणि जायचं मला तिथेच आहे. म्हटलं, तिथे तरी खरं सांगून जाऊ."

ती चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती बाकावर बसली आणि बुटांची नाडी सोडत राहिली. आयुष्यभर लोकांची ओझी वाहिली आणि पोरीच्या वेळेला नेमका हातचा डाव घालवला, या विचाराने त्याला रडू यायला लागलं. त्याने ते येऊ दिलं नाही. त्याच नंबरवर फोन लावला.

बाई अजून ऑफिसातच होत्या.

"मघाशी मी खोटं बोललो," तो म्हणाला. "खुर्ची मी उचलायचो. मी आणि न्हावी. ती दारं धरायची."

"तिने तसंच लिहिलंय," बाई म्हणाल्या. "पण दुपारी तुम्ही एक सांगितलंत, आता दुसरं सांगताय. आम्ही खरं कोणाचं धरायचं?"

लेक त्याच्याकडे बघत होती.

"तिचं धरा," तो म्हणाला. "माझं काय धरता, बाई? मी बाप आहे."