गोराईची लॅबवाली

थर्माकोलचा डबा म्हणजे पापलेट, ही माझी ठाम समजूत. समोरच्या फ्लॅटमधली लॅबवाली गोराईच्या कोळीवाड्यातली; माहेराहून आली की आम्हाला मासळी ठरलेली. एका रविवारी ती दारात डबा ठेवून म्हणाली, "दादा, तासाभरात नेते. बाहेरच राहू दे." मासळीतलं मला जास्त कळतं, म्हणून मी डबा उचलून फ्रीजरमध्ये टाकला.

आत तिच्या धाकट्या भावाचं रक्त होतं.

ती ओरडली नाही. गोठलेल्या नळ्या उजेडात धरून म्हणाली, "पेशी फुटल्या, दादा. परत काढावं लागेल." तोवर भाऊ तापाने ॲडमिट झाला आणि पुन्हा रक्त मिळायला महिना गेला.

भावाला सारखा न्यूमोनिया व्हायचा. लस टोचली तरी अंगात अँटीबॉडी बनत नसत. मरोळच्या लॅबमध्ये ती याच कोड्यामागे होती. मला समजावताना कागदावर मासेमारीचं जाळं काढायची. "पांढऱ्या पेशीवर जंतू ओळखणारे रिसेप्टर असतात. त्यांच्यावर साखरेच्या बारीक साखळ्या. जाळ्याला वर तरंगते गोळे नि खाली शिशाची वजनं नीट नसली तर जाळं पाण्यात गुंडाळतं ना? तसंच. जंतू समोरून जातो, पेशीला पत्ता नाही."

"मग त्याने चहात साखर जास्त घ्यावी का?" मी विचारलं.

"तुम्ही कमी घ्या," ती म्हणाली.

खोटा धीर तिला जमत नसे. आमच्यासमोर भावाने विचारलं, "बाय, मी बरा होईन ना?" ती म्हणाली, "माहीत नाय रे." मला ते निष्ठुर वाटलं. तो मात्र हसला. "डॉक्टर बोलतात, होशील. बाय तसं बोलत नाय, म्हणून मी तिलाच विचारतो."

दुसऱ्यांदा काढलेल्या रक्तात तिला हवं ते सापडलं: साखळ्या अर्धवट होत्या. डॉक्टरांनी रक्तदात्यांच्या अँटीबॉडी द्यायला सुरुवात केली. पण फुप्फुसं थकली होती. होळीच्या आधी तो गेला.

आम्ही गोराईला भेटायला गेलो. ती ओट्यावर बसली होती. इतके दिवस गिळलेला प्रश्न मी विचारलाच. "तो एक महिना हातात असता, तर वाचला असता का गं?"

"नाही, दादा," ती लगेच म्हणाली, आणि पाणी आणायला आत गेली.

परतताना बोटीत मी बायकोला म्हटलं, "ऐकलंस ना? नाही म्हणाली."

बायको खाडीकडे बघत म्हणाली, "ऐकलं. आता तिला हे पुन्हा विचारू नका."