लेव्हलमामांची लाकडी जमीन

माझ्या मामांना सगळे लेव्हलमामा म्हणतात. फरशी बसवण्याचं काम त्यांनी जन्मभर केलं, आणि सपाटी मोजायची हातभर लांबीची पिवळी लेव्हल त्यांच्या पिशवीत कायम असायची. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले, तरी बसण्याआधी ते ती टेबलावर ठेवून बघत. बुडबुडा मधोमध आला तर चहा घेत. बाजूला सरकला तरी चहा घेत, पण यजमानाकडे जरा दयेनं बघत.

माणूस कामाला पक्का. त्यांनी बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर ती जागची हलत नसे. मात्र स्वतःच्या घरासाठी त्यांनी कधी फरशीची एक पेटीसुद्धा विकत आणली नव्हती. कुठलंही काम संपलं की थोड्याफार फरश्या उरतात. मालक म्हणतो, "न्या तुम्हीच." मामा नेत. असं करत करत त्यांचं घर पुरं झालं होतं.

हॉलमध्ये दातांच्या दवाखान्यातली पांढरीशुभ्र, चकचकीत फरशी. पॅसेजमध्ये शिंप्याच्या दुकानातली तपकिरी, आणि ती संपली तिथून पुढे बुटांच्या दुकानातली. तीही तपकिरीच, म्हणजे मॅचिंगच झालं की, असं मामांचं म्हणणं. स्वयंपाकघरात, पोहण्याच्या तलावाजवळ कपडे बदलायच्या खोल्या असतात ना, तिथली निळी, खडबडीत फरशी. तिच्यावर पाऊल पडलं की आपण टॉवेल विसरलो असं वाटायचं. झोपायच्या खोलीत सिनेमा थिएटरच्या लॉबीतली लालभडक, आणि पलंगाखाली जे काय उरलंसुरलं होतं ते. "तिथं कोण बघायला येतंय?"

प्रत्येक फरशीची जाडी वेगळी, त्यामुळे प्रत्येक दारात एक उंचवटा. मामी इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होती. घरात नवीन माणूस आला की ती आपल्या नोकरीतल्या आवाजात सांगायची, "पुढे उंचवटा आहे, कृपया सांभाळून."

एवढ्यावर ती कित्येक वर्षं निभावून नेत होती. पण एका रविवारी तिच्या इस्पितळातल्या मोठ्या बाई चहाला आल्या. खुर्चीत बसल्या, खाली बघितलं, आणि त्यांचा हात आपोआप गालावर गेला.

"काही दुखतंय का?" मामीनं विचारलं.

"नाही हो. पण इथं बसल्यापासून उगाच दाढ आठवतेय."

मामांना इतका आनंद झाला म्हणता! "बरोबर आठवतेय! चौकातल्या दातांच्या डॉक्टरांकडे जाता ना तुम्ही? ही तिथलीच फरशी. मीच बसवलीय."

बाईंनी अर्धा कप चहा तसाच ठेवला आणि त्या लवकर उठल्या. दार लावून मामी मागे वळली.

"मला सगळ्या घरात एकच जमीन पाहिजे. या दारापासून त्या खिडकीपर्यंत. आणि ती कुणाच्या दुकानातली उरलेली नको."

"करू की. पुढच्या महिन्यात जरा मोकळा झालो की..."

"तुमचा पुढचा महिना माझं लग्न झाल्यापासून यायचाय."

पुढच्या शनिवारी मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा टेबलावर लाकडाचा वीतभर तुकडा होता आणि मामा त्याच्याकडे झुरळाकडे बघावं तसं बघत होते.

"हे काय आणलंय तुझ्या मामीनं, विचार."

"इंजिनिअर्ड लाकूड आहे," मामी म्हणाली.

"लाकूड इंजिनिअर कधी झालं?"

"तुम्ही दुसऱ्यांदा दहावीला बसला होतात ना, तेव्हा."

मग तिनं मला तुकड्याची कड दाखवली. वर खऱ्या लाकडाचा थर, आणि त्याखाली पातळ पातळ थर, एक उभा एक आडवा, असे चिकटवलेले. त्यामुळे दमट हवेत ते अख्ख्या लाकडासारखं फुगत नाही, वाकत नाही. दुकानात तिनं सगळं नीट विचारून घेतलं होतं.

"लाकूड दाराला असावं, खुर्चीला असावं," मामा म्हणाले. "पायाखाली कशाला? पाणी सांडलं म्हणजे?"

"पुसायचं. जमलं तर तुम्हीसुद्धा."

"बरं, मग बसवतो मीच."

"नाही. बसवणाऱ्या बाई ठरवल्यात मी. तुम्ही या कामात गिऱ्हाईक. बाथरूम तेवढं तुमचं, तिथं काय ती हौस भागवा."

फ्लोअरिंगवाल्या ताई सोमवारी आल्या. डोक्याला रुमाल, गुडघ्यांना पॅड, बोलणं मोजकं. त्यांनी लाकडाच्या फळ्यांच्या पेट्या हॉलमध्ये आडव्या रचल्या आणि त्या निघाल्याच.

"अहो, काम?" मामांनी विचारलं.

"दोन-तीन दिवस राहू देत इथंच. घरातली हवा मानवू दे त्यांना. मग बसवू."

"आमच्या जावयानंसुद्धा एवढा पाहुणचार घेतला नव्हता," मामा पुटपुटले. मामीनं मात्र त्या पेट्यांवर चादर टाकली आणि संध्याकाळी शेजारणीला बोलावून त्यांच्यावर ऐसपैस बसवलं.

आता मामा इतकी वर्षं कामावरून आले की गिऱ्हाइकांच्या नावानं खडे फोडायचे, हे सगळ्या घराला पाठ होतं. गिऱ्हाईक डोक्यावर उभं राहतं. "सरळ आहे ना?" असं दर फरशीला विचारतं. हात गोंदानं भरलेले असताना नेमका चहा आणून देतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याचा एक मेहुणा असतो, ज्याला सगळं कळतं.

ताईंचं काम सुरू झालं आणि पहिल्याच सकाळी मामा हे सगळं झाले. मेहुणासुद्धा.

ते ताईंच्या मागे इतके जवळ उभे राहत की त्या मागे सरकल्या की त्यांच्या पायाला पाय लागे. त्यांनी एक फळी दुसरीच्या खाचेत बसवून ठोकली की मामा वाकून बोट फिरवत. भिंतीलगत बोटभर फट सोडलेली दिसली, तेव्हा तर त्यांना राहवलंच नाही.

"ताई, ही फट राहिली तुमची."

"ती ठेवायचीच असते, काका. उन्हाळ्या-पावसाळ्यात लाकूड थोडं हलतं, त्याला जागा लागते. वरून पट्टी येणार, दिसणार नाही."

"हो का? छान, छान," मामा म्हणाले, आणि मला बाजूला घेऊन कानात सांगितलं, "फट राहिली की आम्हीपण असंच काहीतरी सांगतो."

दारांतले उंचवटे गेले, हॉल झाला, पॅसेज झाला, स्वयंपाकघर झालं. मामांना चूक सापडत नव्हती आणि त्यामुळे त्यांचं जेवण कमी झालं होतं. मग पाळी आली झोपायच्या खोलीची. तिथल्या लाल फरश्या पोकळ वाजत होत्या, म्हणून ताईंनी त्या काढल्या. खालचा सिमेंटचा थर उघडा पडला. ताईंनी त्यावर माणसाएवढी लांब सरळ पट्टी आडवी ठेवली. एका कोपऱ्यात पट्टीखाली त्यांचं बोट आरामात गेलं. मग दुसरं बोटही गेलं.

"चांगलाच उतार आहे इकडे," त्या म्हणाल्या. "हे भरून सपाट करावं लागेल आधी. कुठल्या मिस्त्रीनं केलं होतं हो हे, काका?"

मामा खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"होता एक," मामी दारातून म्हणाली. "चांगला होता कामाला. पण नवीन लग्न झालं होतं त्याचं, भावाच्या घरातून निघायची घाई होती. एका दिवसात उरकली खोली."

"आता कुठं असतो तो?"

"इथंच. मी लग्नच केलंय त्याच्याशी."

ताईंनी पटकन मान खाली घातली. त्यांचे खांदे हलत होते. मी तर स्वयंपाकघरात पळाले. मामा मात्र हसले नाहीत. एका पेटीवर बसले आणि त्या कोपऱ्याकडे बघत राहिले.

"म्हणजे पलंग सरळ होता," ते शेवटी म्हणाले.

या पलंगाची हकिगत घरात सगळ्यांना माहीत होती. मामांचा शाळेपासूनचा एक मित्र सुतार. दोन गल्ल्या पलीकडे त्याचं वर्कशॉप. मामांच्या लग्नात त्यानं स्वतःच्या हातानं पलंग करून दिला होता. तो पलंग पहिल्या दिवसापासून डुगडुगायचा. मामांनी समोरचा एक पाय लांब आहे असं ठरवून तासला, तो जास्त तासला गेला, मग त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारली. आणि तेव्हापासून भेटेल त्याला सांगितलं, मित्राकडून पलंग करून घेऊ नये. ते फिरत फिरत सुताराच्या कानावर गेलं. भांडण असं झालं नाही. फक्त येणं-जाणं आटलं, आणि नंतर रस्त्यात समोर आले तर दोघंही नुसती मान हलवायचे.

दुसऱ्या दिवशी मामा इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. एकट्यानं जायचा धीर होईना, म्हणून मला बरोबर घेतलं.

वर्कशॉपमध्ये भुशाचा वास आणि रेडिओ चालू. सुतारकाका एका ड्रॉवरला रंधा मारत होते. त्यांनी वर बघितलं, रेडिओ बारीक केला, पण रंधा थांबवला नाही.

"काय काम काढलंस?"

"तुझा पलंग सरळ होता," मामा म्हणाले.

काकांनी फुंकर मारून भुसा उडवला. "हो."

"हो म्हणजे?"

"हो म्हणजे सरळ होता. ठेवायला आलो तेव्हाच डुगडुगला, म्हणून मी तुझीच लेव्हल घेऊन जमीन बघितली. तू तेव्हा खाली गाद्या आणायला गेला होतास."

"आणि बोलला नाहीस?"

"काय बोलणार? तू वर आलास तो बायकोला खोली दाखवतच. 'ही फरशी मी बसवली, हा कोपरा मी केला.' ती बिचारी कौतुकानं बघत होती. तिच्यादेखत सांगू, की वहिनी, तुमचा नवरा चुकलाय?"

"मग नंतर सांगायचं की नाही?"

"नंतर तू माझ्याच नावानं गावभर बोंब मारत फिरत होतास. म्हटलं, मर."

मामांच्या घशातून एक आवाज आला. आधी मला वाटलं खोकला, पण ते हसत होते, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले ते भुशामुळे, असं त्यांचं अजूनही म्हणणं आहे. सुतारकाकांनी रंधा बाजूला ठेवला आणि एका स्टुलावरची खिळ्यांची पेटी उचलून जागा केली.

"बस. एक पाय तासलास ना तू त्याचा?"

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? ओळखतो मी तुला."

झालं. तिसऱ्या दिवशी ताईंच्या डोक्यावर एकाच्या जागी दोन म्हातारे उभे. ताईंनी तो कोपरा भरून सपाट केला होता, वाळला होता, आणि आता फळ्या बसवायच्या होत्या. सुतारकाका म्हणाले, लाकडाबद्दल मला विचारा. मामा म्हणाले, जमिनीबद्दल मला विचारा. ताईंनी कुणालाच काही विचारलं नाही. त्यांनी तीन-चार पेट्या फोडल्या आणि दोघांना पलीकडच्या भिंतीशी नेऊन बसवलं.

"प्रत्येक पेटीतला रंग थोडा वेगळा असतो. फिकट-गडद अशा फळ्या मिसळून लावून द्या मला. अवघड काम आहे, सगळ्यांना जमत नाही."

दोघं दुपारभर तिथं बसले. ही फिकट आहे, नाही ही मध्यम आहे, तुझा चष्मा बदल, तुझे डोळे बदल. ताईंना शांतपणे काम करता आलं. मामीनं त्यांना चहा दिला तो बरोबर हात धुतल्यावर.

पलंग नव्या जमिनीवर ठेवला आणि तो अर्थातच डुगडुगला, कारण तासलेला पाय तासलेलाच होता. सुतारकाका तयारीनं आले होते. पायाला जोडायला त्यांनी त्याच जातीच्या लाकडाचा छोटा तुकडा घडवून आणला होता. तो चिकटवून, घासून त्यांनी हात झटकले. मामांनी पलंगाचा एक कोपरा दाबला, मग दुसरा, मग चारही. एकदाही वाजला नाही.

"आता झोपायचं कसं?" मामी म्हणाली. "सवय झालीय ना झोका घ्यायची."

आता दारापासून खिडकीपर्यंत एकच जमीन आहे, मधाच्या रंगाची. मामा तिला चांगलं म्हणत नाहीत. "वाईट नाही. पायाला गार लागत नाही, एवढंच," इथवर त्यांची मजल गेली आहे. पण दारातच चप्पल काढायचा नियम त्यांनीच काढला, आणि इस्त्रीवाला आत आला तर त्याच्या पायांकडे ते ज्या नजरेनं बघतात, त्यामुळे तो आता कपडे दारातूनच देतो. ताईंनी त्यांना त्यानंतर दोन घरांतल्या बाथरूमचं काम मिळवून दिलं. तिथं गिऱ्हाईक डोक्यावर उभं राहिलं तर मामा त्याला स्टूल देतात म्हणे.

सुतारकाका रविवारी येतात. मागच्या महिन्यात बोलण्याच्या भरात त्यांनी जड खुर्ची फरफटत पुढे ओढली आणि हॉलच्या मधोमध चांगली लांब रेघ उमटली. मी तिथंच होते. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मामांनी घर डोक्यावर घेतलं असतं. त्यांनी स्वयंपाकघराकडे एकदा बघितलं, गुपचूप उठले, आणि ती खुर्ची उचलून बरोबर त्या रेघेवर ठेवली.

खुर्ची अजून तिथंच आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बरोब्बर वाटेत. मामीला काही कळलेलं नाही असं मामांना वाटतं. मला तसं वाटत नाही. कारण मामी रोज पलंग सरकवून खाली झाडते, कपाटं हलवते, पण ती खुर्ची मात्र उचलत नाही. तिच्याभोवतीनं केर काढते आणि पुढे जाते.