गॅलरीतल्या भगिनी

आमच्या महापालिकेच्या सभागृहात नागरिकांसाठी गॅलरी आहे, हे मला लग्नानंतर कितीतरी वर्षं माहीत नव्हतं. वस्तीत कुणालाच नव्हतं. पालिका म्हणजे घरपट्टी भरायची खिडकी आणि जन्माचा दाखला मिळायची खिडकी, एवढाच आमचा संबंध. वर लाल सतरंजीचा जिना चढून गेलं की कुणीही बसून सभा ऐकू शकतं, हे आम्हाला आमच्या नगरसेवकानं सांगितलं. त्याला सगळी वस्ती भाऊ म्हणते. मीही म्हणते, जीभ जड होते तरी.

विषय प्रसूतिगृहाचा होता. रेल्वेलाइनीच्या अलीकडे, आमच्या वस्तीला लागून, पालिकेचं जुनं प्रसूतिगृह होतं. दहा-बारा खाटा, गळकं छत, भिंतीला ओल. पण दोन नर्सबाया चोवीस तास असायच्या, आणि आमच्याकडची आणि शेजारच्या मोहल्ल्यातली निम्मी पोरं तिथंच जन्मली. पलीकडे सिव्हिल हॉस्पिटल होतं, मोठं, पण तिथं जायला रेल्वेचं फाटक ओलांडावं लागे, आणि गेल्यावर कुणी ओळखीचं नसे. छताचा एक तुकडा पडला तेव्हा बायका घाबरल्या. आम्ही विहारात बैठक घेतली, मोहल्ल्यातल्या बायकाही आल्या. भाऊही आला. म्हणाला, "दुरुस्तीचा विषय महासभेत येतोय. मी मंजूर करून घेतो. तुम्ही फक्त गॅलरीत येऊन बसा, दबाव राहतो."

माझी धाकटी जाऊ तेव्हा सात महिन्यांची पोटुशी होती. धुळ्याकडच्या खेड्यातली, आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे पहिलं बाळंतपणही आमच्याकडेच झालं, त्याच प्रसूतिगृहात. मुलगी झाली होती. या वेळी तिचं बीपी वाढत होतं आणि नर्सबाई दर आठवड्याला तिला बोलावून घ्यायच्या. सिव्हिलचं नाव काढलं की ती रडायला लागायची. म्हणून तीही सभेला आली. मी नको म्हटलं होतं. "मना तर इषय शे," ती म्हणाली, "मी नही येऊ?" विषय तिचाच होता, खरं.

सभा अकराची होती, सुरू झाली साडेबाराला. आम्ही पंधरा-सोळा बायका वर दाटीनं बसलो. खाली सभागृह म्हणजे शाळेचा मोठा वर्गच वाटत होता, फक्त खुर्च्या गुबगुबीत. मी प्राथमिक शाळेत शिकवते, मला गोंगाटाची सवय आहे, पण आमची चौथीची पोरं या लोकांपेक्षा शहाणी. एका पक्षाचे दोन गट झाले होते आणि पुढच्या बाकावर कोणत्या गटानं बसायचं यावर दोन तास भांडण चाललं. एकजण राजदंड उचलून पळाला. दुसऱ्यानं त्याला दारात अडवलं. मग चहा आला, शेवचिवडा आला, आणि दोन्ही गटांनी एकाच ट्रेमधून उचलला. आमच्यातल्या म्हाताऱ्या अक्का म्हणाल्या, "हाई बठ्ठं आपलाच पैसास्वर चालू शे का?" हे सगळं आपल्याच पैशांवर, म्हणून बायका हसल्या. मीही हसले. अजून हसण्यासारखं होतं.

चारच्या पुढे खालचे लोक घड्याळाकडे बघायला लागले. कुणाला लग्नाला जायचं होतं, कुणाला जळगावला. आणि मग मी जे पाहिलं ते मला कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. नगरसचिव उभे राहिले आणि विषयाचा नुसता क्रमांक, मागून अर्धं वाक्य, असं वाचत सुटले. वाक्य संपायच्या आत खालून सगळे मिळून "मंजूर" म्हणत. विषय, मंजूर. विषय, मंजूर. आमच्या शाळेत पाढे म्हणतात तसा सूर. कुणाच्याही हातात कागद उघडा नव्हता. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, इथे तर दळणाऱ्याला आपण आंधळं आहोत याचीही लाज नव्हती.

आमचा विषय त्या रांगेत आला. मी कठड्याला टेकून, भिंतीवरच्या स्पीकरच्या अगदी खाली बसले होते. "प्रसूतिगृहाच्या धोकादायक इमारतीबाबत प्रशासनाकडील प्रस्तावावर निर्णय घेणे." प्रसूतिगृह हा शब्द ऐकून सगळ्या बायका सावरून बसल्या. नगरसचिवांनी पुढचं पुटपुटत वाचलं, ते स्पीकरजवळ असल्यानं मला ऐकू आलं: इमारत पाडणे, सेवा जिल्हा रुग्णालयाकडे वर्ग करणे, जागेवर व्यापारी संकुल. तोवर खालून "मंजूर" आलं होतं. त्यात भाऊचा आवाज सगळ्यांत मोठा होता. त्यानं वर आमच्याकडे पाहून हातही केला.

आणि माझ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यांना मी दोष देत नाही. आमच्या वस्तीत मंजूर म्हणजे चांगली गोष्ट. घरकुल मंजूर होतं, निराधारचे पैसे मंजूर होतात, नळाचं कनेक्शन मंजूर होतं. भाऊनं सांगितलं होतं दुरुस्ती मंजूर करून घेतो, प्रसूतिगृहाचं नाव आलं, मंजूर झालं, भाऊनं हात केला. आणखी काय समजायचं? माझी जाऊ उभी राहून वाजवत होती, एका हातानं पोट सावरत पुन्हा दोन्ही हातांनी. मी तिचं मनगट धरलं. "अगं थांब, थांब," म्हणाले, पण टाळ्यांत तिला काही ऐकू जाईना. महापौरांनी मान वर करून हसून म्हटलं, "गॅलरीतल्या भगिनींनीही स्वागत केलेलं आहे. अभिनंदन." आणि पुढचा विषय घेतला.

जिन्यावर मी सगळ्यांना सांगितलं. कुणाचा विश्वास बसेना. भाऊ खाली गाडीत बसत होता, त्याला अडवलं. तो गडबडला, आणि मला वाटतं त्या क्षणी तो खरंच बोलला: "दुरुस्तीचाच असंल वाटलं. सगळे म्हणाले, मी म्हणालो. कागद एवढा जाड असतो, ताई, कोण वाचतं?" मी त्याला म्हटलं, आमच्या शाळेतलं पोरगं धडा न वाचता आलं तर मी त्याला बाकावर उभं करते. तो कसनुसा हसला. पुढच्या सभेत बदलून घेऊ म्हणाला.

त्याआधी प्रसूतिगृहाला कुलूप लागलं. नर्सबायांची बदली झाली, खाटा ट्रॅक्टरमध्ये भरून नेल्या. जाऊ रोज दारात उभी राहून बघायची. सिव्हिलमध्ये तिचं नाव घातलं, दोनदा नेलं, दोन्ही वेळा दिवसभर ओळीत बसून आली. पाय सुजलेले होते. मी तिला धीर देत होते, आणि मला माझ्याच शब्दांचा राग येत होता.

कळा दुपारी सुरू झाल्या, दिवस भरायच्या आधी. अॅम्ब्युलन्सला फोन केला, ती निघाली म्हणाले. पाइपलाइनसाठी आमचा रस्ता खोदून ठेवला होता, ती कोपऱ्यापर्यंत येणार आणि मग आम्ही चालत जाणार, असं कळल्यावर मी रिक्षा बोलावली. मोहल्ल्यातला ओळखीचा रिक्षावाला, त्यानं गाडी खड्ड्यांतून जपून काढली. फाटक बंद होतं. मालगाडी होती, लांबच लांब, कोळशाची. बाळ फाटकाशीच आलं, माझ्या हातांत. मुलगा होता. नाळ गळ्याला होती आणि मला ती सोडवता आली, पण तो रडला नाही. मी पाठ चोळली, पालथा धरला, नर्सबाया करतात असं पाहिलेलं सगळं केलं. फाटक उघडेपर्यंत तो निळा पडला होता. सिव्हिलमधल्या डॉक्टर मुलीनं बिचारीनं बराच वेळ प्रयत्न केला आणि मग माझ्याकडे पाहून मान हलवली. मी त्या कॉरिडॉरमध्ये भाऊच्या नावानं, महापौरांच्या नावानं, त्या सगळ्या सभागृहाच्या नावानं मोठ्यानं शिव्या दिल्या. शिक्षिकेला शोभत नाहीत अशा. मला त्याचा पश्चात्ताप नाही.

सव्वा महिना जाऊ घरात राहिली. तो संपला त्याच आठवड्यात महासभा होती; मधल्या सभा बाकाच्या भांडणातच तहकूब झाल्या होत्या. बायकांनी निवेदन दिलं होतं: प्रसूतिगृह नाही तर नाही, निदान फाटकाच्या अलीकडे एक नर्स आणि एक अॅम्ब्युलन्स तरी ठेवा. भाऊ ते मांडणार होता. त्याला आता तोंड दाखवायचं होतं, निवडणूक जवळ आली होती. जाऊ म्हणाली, मी येते. घरातले सगळे नको म्हणाले. ती आली.

एरवी मागच्या सभेचं इतिवृत्त कुणी वाचत नाही, 'वाचून कायम' म्हणतात आणि पुढे जातात. त्या दिवशी बाकाच्या भांडणाचं काय लिहिलंय यावर एका गटानं हट्ट धरला आणि नगरसचिवांना सगळं वाचावं लागलं. आमचा विषय आला. प्रस्ताव सर्वानुमते मंजूर. "गॅलरीत उपस्थित महिलांनी टाळ्या वाजवून निर्णयाचे स्वागत केले." जाऊनं माझ्याकडे पाहिलं. "ते आपलंच सांगी ऱ्हायनात ना?" मी हो म्हटलं. मला उठून ओरडायचं होतं की हे खोटं आहे, पण खोटं म्हणता येईना. टाळ्या वाजल्या होत्या. इतिवृत्त कायम झालं.

भाऊ आमचं निवेदन घेऊन उभा राहिला, माईक चालू केला, आणि तेवढ्यात महापौरांच्या हातात कुणीतरी चिठ्ठी दिली. एक जुने माजी नगरसेवक सकाळी वारले होते. वय झालेलं होतं, माणूस चांगला होता म्हणतात. महापौरांनी त्यांच्या कार्याबद्दल दोन शब्द सांगितले, मग इतर गटांनी सांगितले, आणि रिवाजाप्रमाणे श्रद्धांजली वाहून सभा तहकूब करण्याचं ठरलं. भाऊनं माईक बंद केला. सगळे उभे राहिले. वर आम्हीही उभ्या राहिलो, कारण गेलेल्या माणसाशी आमचं काय भांडण.

सभागृहात मी पहिल्यांदाच इतकी शांतता ऐकली. जाऊनं डोक्यावर पदर घेतला होता, हात जोडले होते. माझ्या कानाशी येऊन ती हळूच म्हणाली, "ताई, आते आपला बाळनं नाव बी लेतीन का?"

मी म्हणाले, "त्याचं नाव ठेवलं नव्हतं ना गं आपण."

"हां," ती म्हणाली. खाली लोक फायली गोळा करून निघाले, शिपाई पंखे बंद करत आमच्यापर्यंत आला, तरी ती हात जोडून उभीच होती.